वाऱ्यानंतरचं वाक्य

सासरी त्यांना थोरले म्हणत. थोरल्या मुलीचे यजमान म्हणून थोरले जावई, आणि पुढे जावईही गळून नुसतेच थोरले. त्या घरात बरीच वर्षं थोरल्यांचा भाव वेगळाच होता. कुणी पाहुणा आला की सासरे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हे आमचे विमानवाले जावई." आता थोरल्यांनी आयुष्यात विमान चालवलं नव्हतं. गावाबाहेर गवताचं एक लांबट मैदान होतं, तिथे हौशी लोकांची छोटी खासगी विमानं उतरायची, आणि कडेच्या पत्र्याच्या खोलीत बसून थोरले रेडिओवरून त्यांना वारा सांगायचे. पण हा फरक सासरी कोणाला कळतोय? जेवताना डोक्यावरून विमान घरघरत गेलं की सगळं घर थोरल्यांच्या तोंडाकडे बघायचं. थोरले मान वर न करता म्हणायचे, "एकाच इंजिनाचं आहे," आणि पुढचा घास घ्यायचे. त्या घासाची चव काही औरच असायची.

मग धाकटे आले. धाकट्या मुलीचे यजमान. यांचा नळांचा कारखाना. माणूस नळ बनवतो तर त्याने सुखाने नळ बनवावेत की नाही? छे. धाकट्यांना उडायची हौस आली. आणि शिकायला जायचं तर कुठे, तर थोरल्यांच्याच मैदानावर, तिथल्या मास्तरांकडे. शिकले, पास झाले, आणि एक दिवस निळ्या पट्ट्याचं चार जणांचं पांढरं विमान घेऊन सासुरवाडीच्या गावावरून अशी एक घिरटी मारली की सासूबाई हात पुसत अंगणात आल्या.

त्या दिवसापासून विमानवाले जावई म्हणजे धाकटे. पाहुण्यांना ओळख करून देताना सासरे आता त्यांच्याच खांद्यावर हात ठेवायचे, आणि सासूबाई थोरल्यांकडे बघून, त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणायच्या, "हेही तिथेच असतात. खाली."

खाली. हा शब्द थोरल्यांच्या काळजात जो रुतला तो निघेना. बाईंच्या मनात काही नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. पण कळून काय उपयोग, पोटात दुखायचं ते दुखतच होतं. धाकटे वाईट असते तर एक वेळ सोसलं असतं. ते वाईट नव्हते. अदबीने बोलायचे, वाकून नमस्कार करायचे, आणि त्यामुळे थोरल्यांचा जळफळाट दुपटीने व्हायचा, कारण उघडपणे चिडायलाही जागा नव्हती.

आता थोरल्यांच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. रेडिओवर त्यांनी सांगायचं ते ठरलेलं होतं: वारा कुठून आहे, किती आहे, उतरायची पट्टी मोकळी आहे की नाही. बस्स. पुढचं ज्याचं त्याने बघायचं. पण थोरले तिथे थांबत नसत. ठरलेलं सांगून झालं की ते क्षणभर बटण सोडायचे, परत दाबायचे आणि आपल्या पदरचं एक वाक्य सांगायचे. "विहिरीच्या बाजूला मेंढ्या आहेत, जरा जपून." "झाडांवरून येताना खाली दाबतंय आज." "मधे पाणी साचलंय, डावीकडे धरा." हे वाक्य कुठल्या नियमात नव्हतं, पण मैदानावरचा प्रत्येक जण त्याची वाट बघायचा. मास्तर तर नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावायचे, "वारा यंत्रही सांगेल. वाऱ्यानंतर थोरले काय म्हणतात ते ऐका."

आणि हे वाक्य मिळायचं नाही ते फक्त एकाच माणसाला.

तसं काही ठरवून झालं नव्हतं. विमान घेतल्यावर धाकटे पहिल्यांदा उतरले तेव्हा थोरल्यांनी वारा सांगितला, पट्टी मोकळी म्हणून सांगितलं, बटण सोडलं, आणि परत दाबायला बोट उचलेना. विमान घेतलंय ना, मग उतरवा की. तेव्हापासून जेवढ्यास तेवढं. खोलीबाहेर व्हरांड्यात एक कर्णा लावलेला होता, आतलं सगळं बोलणं बाकावर बसलेल्यांना ऐकू यायचं. पण साडू-साडूंमध्ये असं कोरडं बोलणं असायचंच, असं समजून कुणी मनावर घेतलं नाही. धाकटे तर मास्तरांनी पहिल्या दिवशी बजावलेलं केव्हाच विसरले असावेत. शिकत होते तेव्हा मास्तर शेजारी असायचे, ऐकायचं काम मास्तरांचं.

थोरल्यांच्या बायकोला मात्र ते वाक्य फार आवडायचं. सुट्टीच्या दिवशी ती डबा घेऊन यायची आणि खोलीतल्या मोडक्या खुर्चीवर तासन्‌तास बसायची. म्हणायची, "अहो, वारा सांगताना तुम्ही सरकारी वाटता. मग ते एक वाक्य बोलता ना, तेव्हा माझे वाटता." थोरले वरवर "काहीतरीच तुझं" म्हणायचे आणि आतून फुगायचे.

ती कधी विमानात बसली नव्हती. लग्नानंतर लगेच थोरल्यांनी कबूल केलं होतं, मास्तरांना सांगून एकदा दोघं वर जाऊ. मास्तर कधीही तयार होते. पण आज वारा आहे, आज ढग आहेत, आज काम आहे, असं करत ते राहून गेलं. धाकट्यांचं विमान आलं तेव्हा धाकट्यांनी लगेच विचारलं, "ताई, चला ना एकदा." तिने हसून सांगितलं, "आधी यांच्याबरोबर, मग तुमच्याबरोबर." त्या रात्री थोरल्यांना इतकी छान झोप लागली की विचारू नका.

तर त्या दिवशीची गोष्ट. बायको माहेरी गेली होती, संध्याकाळच्या बसने यायची होती. सकाळी गवतवाल्याने पट्टीवरचं गवत कापलं. कापलेलं उचलणार तोच पावसाची एक सर येऊन गेली, आणि सगळं गवत भिजून पट्टीवर तसंच चिकटून राहिलं. गवतवाला पाय पुसत खोलीच्या दारात आला.

"थोरले, साबण झालाय नुसता. मीच दोनदा आपटलो. येईल त्याला सांगा, ब्रेक लागायचे नाहीत."

"सांगतो," थोरले म्हणाले.

आणि सांगितलंही. मास्तर एका विद्यार्थ्याला घेऊन उतरले, त्यांना सांगितलं. औषधफवारणीचं विमान आलं, त्याला सांगितलं. वर हेही सांगितलं, की वारा फिरलाय, फाटकाच्या टोकाकडून आलात तर मागून ढकलेल, विहिरीच्या टोकाकडून या. विमानाने वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं असतं, म्हणजे वाराच त्याला थोपवून धरतो. दोघंही विहिरीकडून आले, सावकाश टेकले, अलगद थांबले.

दुपार कलली तेव्हा रेडिओत धाकट्यांचा आवाज आला. तोच अदबशीर, तुपातला आवाज. फाटकाकडून येतोय, तिघं आहोत, वारा सांगावा.

तिघं. म्हणजे मेहुणी आणि सासूबाई, थोरल्यांनी मनात हिशेब केला. सासूबाई आता विमानातून मुलीकडे येणार, आणि उतरल्यावर व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना सांगणार, हे आमचे विमानवाले जावई, आणि हे, हे खाली असतात. थोरल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी वारा सांगितला. दिशा सांगितली, वेग सांगितला, एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. पट्टी मोकळी असं सांगितलं. ती मोकळीच होती. मग त्यांनी बटण सोडलं.

पलीकडून काही आलं नाही. एरवी धाकटे लगेच "आभारी आहे" म्हणायचे. या वेळी नुसती खरखर. कुणीतरी वाट बघत असावं तशी ती शांतता थोरल्यांना जराशी लांबली असं वाटलं. त्यांचं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर झालं असतं. तेवढ्यात धाकटे म्हणाले, "आभारी आहे," आणि थोरल्यांनी बोट काढून घेतलं.

त्यांच्या मनात वाईट काय होतं? खरं सांगायचं तर फजिती. एवढंच. वारा मागून ढकलेल, टेकायला उशीर होईल, आणि धाकट्यांना विमान तसंच वर घेऊन परत एक चक्कर मारावी लागेल. सासूबाईंच्या देखत, व्हरांड्याच्या देखत. नळवाल्याला जरा कळू दे उतरणं म्हणजे काय असतं. याहून जास्त त्यांनी काही चिंतलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं.

विमान फाटकावरून आलं ते उंच आणि वेगात. पट्टीवरून तरंगतच राहिलं, खाली बसेचना. "घे आता वर," थोरले पुटपुटले, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. विमान अर्ध्या पट्टीच्या पुढे गेलं, तरी वर जाईना. मग टेकलं. चाकं टेकली आणि विमान थांबायचं सोडून घसरत निघालं, गवताचा चिखल दोन्ही बाजूंनी उडायला लागला. थोरल्यांचं हसू कधी गेलं ते त्यांना कळलं नाही. पट्टी संपली. विमान तारेचं कुंपण तोडून, बांधावरून उडी मारून पलीकडच्या कोबीच्या शेतात शिरलं आणि नाकावर आपटून थांबलं. शेपूट वर राहिलं.

थोरल्यांनी धोक्याच्या भोंग्याचं बटण दाबलं आणि धावत सुटले. मास्तर आणि गवतवाला आग विझवायची नळकांडी घेऊन जीपमधून पुढे गेले. थोरले कुंपणापाशी पोचले तेव्हा दार उघडलं होतं. मेहुणी रडत रडत उतरली. धाकटे उतरले, कपाळाला खोक पडली होती. आणि मग पुढच्या सीटवरून, कानावरचा हेडफोन तसाच गळ्यात, फुटलेला ओठ पदराने दाबत, थोरल्यांची बायको उतरली.

आता माणसाच्या मनाची काय तऱ्हा असते बघा. तिला चालताना बघून सुटकेचा श्वास टाकायचा, धावत जाऊन तिला धरायचं. ते सगळं नंतर झालं. सगळ्यांत आधी थोरल्यांच्या मनात आलं ते असं: ही याच्याबरोबर बसली. माझ्याआधी याच्याबरोबर बसली. कोबीच्या शेतात, मोडक्या विमानासमोर, बायकोच्या तोंडातून रक्त येत असताना त्यांना हे सुचलं. आणि मग ते जे घाबरले ते असे, की कोबीच्या गड्ड्यांवर मटकन खाली बसले.

कुणाला फार लागलं नव्हतं. सगळे व्हरांड्यात आले, गवतवाल्याने पाणी आणलं. मास्तरांनी धाकट्यांच्या कपाळाला पट्टी बांधता बांधता विचारलं, "वर का नाही गेलात परत? मी हेच शिकवलं का तुम्हाला?"

"चुकलं माझं, मास्तर," धाकटे म्हणाले. "सगळं माझंच चुकलं."

मेहुणीचं रडणं थांबलं होतं आणि आता बोलणं थांबत नव्हतं. "भाऊजी, ताईला आम्हीच आग्रह केला. ती नाहीच म्हणत होती. मग म्हणाली, खाली हे आहेत ना, मग काही भीती नाही, आणि बसली. तुम्हाला अचानक दाखवायचं म्हणून बोलू नका म्हणाली. अन्‌ वर आम्हाला सांगत होती, यांचा वारा झाला की घाई करू नका, ते एक वाक्य सांगतात, ते ऐका. आम्ही ऐकत बसलो. काही आलंच नाही. तर ताई म्हणाली, मग काही काळजी नाही. खाली काही असतं तर हे सांगितल्याशिवाय राहिले नसते."

गवतवाला पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. "पण सकाळीच तर मी गवताचं…" एवढं बोलून त्याने थोरल्यांकडे बघितलं आणि पुढचं गिळून टाकलं. मास्तरांनी पट्टीची गाठ मारता मारता मान वर केली. त्यांना ते वाक्य मिळालं होतं.

बायकोने थोरल्यांकडे बघितलं. रागाने नाही. रडण्याआधी मूल आईच्या तोंडाकडे बघतं ना, खरंच लागलंय का हे ठरवायला, तसं बघितलं.

थोरल्यांना गप्प बसता आलं असतं. धाकट्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलंच होतं, आणि कागदावर थोरल्यांचं काही चुकलेलं नव्हतं. पण ती बघत होती.

"मला माहीत होतं," थोरले म्हणाले. "गवताचं. वारा मागून लागतोय तेही. सगळ्यांना सांगितलं. यांना नाही सांगितलं."

"का?" मेहुणीने विचारलं. तिला बिचारीला खरंच कळलं नव्हतं.

इतक्या वर्षांचं ते, एका वाक्यात कसं सांगणार? जळतो मी तुमच्यावर, एवढंच होतं, आणि तेही थोरले शेवटी बोलले. "जळतो मी यांच्यावर. विमान आल्यापासून जळतोय."

धाकट्यांनी कपाळाची पट्टी चाचपली, आणि पहिल्यांदाच त्यांचा तो अदबशीर आवाज बाजूला राहिला.

"मी वर का नाही गेलो सांगू?" ते म्हणाले. "अर्ध्या पट्टीलाच कळलं होतं मला. पण म्हटलं, खिडकीतून हे बघत असतील. यांच्यासमोर परत चक्कर मारायची? त्यापेक्षा मेलेलं बरं. घरी आई सारख्या विचारतात, थोरल्यांना विचारलंत का, थोरले काय म्हणाले. आज ताई वर बसल्यापासून यांच्याच आवाजाचं कौतुक. माझ्या विमानात बसून. म्हटलं, एकदा तरी यांच्याशिवाय नीट उतरून दाखवावं."

सासूबाई विचारतात. थोरले काय म्हणाले, असं विचारतात. हे ऐकलं आणि थोरल्यांच्या छातीत काहीतरी गोड, सुखाचं उसळलं. नको तेव्हा, नको तिथे. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, पण चेहरा फितूर झालाच. जरासा, अगदी जरासाच तो उजळला.

बायकोने ते टिपलं.

ती उठली. गळ्यातला हेडफोन काढून तिने धाकट्यांच्या हातात दिला, पदराने ओठ पुन्हा एकदा टिपला.

"मी बसने जाते," ती म्हणाली.

"अगं, थांब. मी येतो बरोबर."

"तुमची ड्युटी आहे." ती पायरी उतरली आणि वळली. "तुम्ही मला कधी वर नेलं नाहीत, त्याचं मला काही वाटलं नाही हो. मला वाटायचं, खाली तुम्ही आहात ना. तेवढं पुरतं मला."

आणि ती फाटकाच्या दिशेने चालायला लागली. मेहुणी तिच्या मागे जायला उठली, तर मास्तरांनी हातानेच बस म्हटलं.

तेवढ्यात आतल्या रेडिओत खरखर झाली. कुणीतरी उतरायला येत होतं, वारा विचारत होतं. थोरले आत गेले. खुर्चीत बसले. खिडकीतून ती दिसत होती, कडेकडेने चालत होती, एका पायाने जराशी लंगडत होती.

त्यांनी बटण दाबलं. वारा सांगितला. पट्टी बंद आहे, दुसरीकडे उतरा, असं सांगितलं. आवाज सरकारीच होता. मग त्यांनी बटण सोडलं, क्षणभर थांबले, आणि परत दाबलं.

"कापलेलं गवत ओलं आहे," ते म्हणाले. बाहेरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज मैदानभर गेला. "फार निसरडं आहे. फाटकाकडून आलात तर वारा मागून ढकलतोय. माझ्या सांगण्यात कसूर झाली म्हणून एक विमान कुंपणाबाहेर गेलंय. माणसं बरी आहेत. त्यात माझी बायको होती."

कर्ण्याचा आवाज ऐकून ती थांबली. मागे वळली नाही, पण थांबली. वाक्य संपेपर्यंत तशीच उभी राहिली, संपल्यावरही थोडी राहिली, आणखी काही येतंय का ते ऐकत असावी. थोरल्यांचं बोट बटणावर होतं. पण रेडिओवर बोलण्यासारखं त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

मग ती पदर सावरून चालायला लागली, आणि फाटकातून बाहेर पडली.